उणे ३०चा आठवडा: स्विफ्ट करंटमध्ये थंडीचा अंदाज वाचायचा कसा

रविवारी रात्रीची जेवणं आटोपली की आमच्या घरी एक बैठक भरते. बैठक म्हणजे मी, बायको आणि टेबलावर ठेवलेला फोन. फोनवर पुढच्या सात दिवसांचा अंदाज. गाडी कोणी कधी काढायची, किराणा कधी भरायचा, पोराची मॅच दुसऱ्या गावी असेल तर जायचं की कळवून टाकायचं, हे सगळं त्या वीस मिनिटांत ठरतं. साताऱ्यात होतो तेव्हा हवामानाचा अंदाज मी फक्त जूनमध्ये ऐकायचो, आणि तोही चुकला की हसण्यासाठी. इथे कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात आल्यावर ते हसणं पहिल्या नोव्हेंबरातच थांबलं.

गावात नवीन आलेल्या मराठी मंडळींचा फोन येतो तो साधारण असा: "उद्या उणे ३० दाखवतंय हो, बाहेर पडायचं का?" माझा उलटा प्रश्न ठरलेला: "वारा किती सांगितलाय?" पलीकडे शांतता. वाऱ्याचा आकडा कोणी पाहिलेलाच नसतो. म्हणून हा लेख.

आधी गाव कुठे आहे ते बघा

स्विफ्ट करंट हे प्रांताच्या नैर्ऋत्येला, ट्रान्स-कॅनडा महामार्गावर वसलेलं सोळा-सतरा हजार वस्तीचं गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. पूर्वेला रेजायना जवळजवळ अडीचशे किलोमीटर, पश्चिमेला मेडिसिन हॅट सव्वादोनशे. गावाचं नाव गावातून वाहणाऱ्या ओढ्यावरून पडलं. गंमत म्हणजे 'सस्कॅचवान' या क्री भाषेतून आलेल्या नावाचा अर्थही वेगाने वाहणारी नदीच. जानेवारीत मात्र इथे वेगाने वाहतो तो फक्त वारा.

त्याला अडवायला काही नाही, हे या गावाचं खरं दुखणं. उत्तर ध्रुवाकडून निघालेल्या थंड हवेच्या वाटेत एकही डोंगर आडवा येत नाही. पश्चिमेला रॉकी पर्वत आहेत, पण ते पॅसिफिकची उबदार, दमट हवा अडवण्याचं काम करतात. शिवाय कधीकधी त्याच रॉकीज उतरून कोरडी, गरम हवा आमच्यापर्यंत येऊन पोचते. तिला इथे चिनूक म्हणतात. या दोन हवांच्या ओढाताणीत एकाच आठवड्यात पारा उणे ३५ वरून शून्याच्या वर जातो आणि परत येतो. त्यामुळे 'या आठवड्यात थंडी किती' हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. ती कधी बदलणार, हे विचारायचं.

पहिली पायरी: आकड्याआधी वारा

अंदाज उघडलात की तापमानावर बोट ठेवून झाकून टाका आणि वाऱ्याची ओळ वाचा. वेग किती, झोत (मधूनच येणारा जोराचा झपाटा) किती, दिशा कोणती.

थंडी अंगाला किती लागेल हे विंड चिल या आकड्यावरून कळतं. आत्ता वापरात असलेला निर्देशांक कॅनडाने आणि अमेरिकेने २००१ मध्ये स्वीकारला. कॅनडात तो अंशाच्या खुणेशिवाय लिहितात, कारण ते हवेचं तापमान नाही, ती उघड्या त्वचेची गत आहे. आता हिशोब बघा. पारा उणे १८ आणि वारा ताशी ५० किलोमीटर असेल, तर विंड चिल उणे ३३ होतं. म्हणजे बिनवाऱ्याच्या उणे ३२ पेक्षा तो दिवस चेहऱ्याला वाईट. उणे २५ ला ३० चा वारा: उणे ३९. उणे ३० ला नुसता २० चा वारा: उणे ४३. नवा माणूस उणे ३२ बघून घरात बसतो आणि उणे १८ बघून कानटोपी न घालता निघतो. मी दुसऱ्याच हिवाळ्यात तेच केलं होतं. दारासमोरचा बर्फ काढायला म्हणून वीस मिनिटं बाहेर होतो. डाव्या कानाचं टोक पांढरं पडलं, आठवडाभर सोललं, आणि अजूनही थंडीत तेवढंच टोक आधी बोलू लागतं.

विंड चिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. उणे ४८ च्या खाली २ ते ५ मिनिटांत. हे तीन टप्पे फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा.

एक गल्लत मात्र करू नका. विंड चिल जिवंत त्वचेसाठी आहे. गाडी, पाण्याचा पाइप यांना ते लागू नाही. हवा उणे २० असेल तर वारा कितीही असो, इंजिन उणे २० च्या खाली जाणार नाही. फक्त तिथपर्यंत लवकर पोचेल. म्हणून माणसाचा निर्णय विंड चिलवर आणि गाडीचा निर्णय पाऱ्यावर. ही एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मा हिवाळा सोपा जातो.

दिशेचंही थोडं गणित आहे. वारा आग्नेयेकडून किंवा पूर्वेकडून सुरू झाला की कुठलं तरी कमी दाबाचं क्षेत्र जवळ येतंय, बर्फ यायचा संभव. तो वायव्येला वळला की क्षेत्र पुढे सरकलं, आता थंडी आत घुसणार. पश्चिम किंवा नैर्ऋत्येचा जोरदार वारा म्हणजे बहुधा चिनूक. आणि वारा पडला, आकाश निरभ्र झालं, रात्र लांब आहे? मग त्या पहाटे आठवड्यातला सगळ्यात खालचा पारा.

दुसरी पायरी: ओळ शेवटपर्यंत वाचा

एन्व्हायर्न्मेंट कॅनडा या सरकारी खात्याचा अंदाज पहाटे आणि पुन्हा दुपारी चारच्या सुमाराला निघतो. त्यांचं वेदरकॅन हे अॅप फुकट आहे. अॅपमधल्या चित्रावर जाऊ नका, खालचा मजकूर वाचा. चित्रात सूर्य आणि 'उणे ९' दिसतं. मजकुरात लिहिलेलं असतं, 'हाय मायनस नाइन, फॉलिंग टू मायनस ट्वेंटी-टू धिस आफ्टरनून'. म्हणजे उणे ९ हे सकाळी आठचं तापमान. तुम्ही कामावरून सुटाल तेव्हा उणे २२. आपल्याकडे कमाल तापमान दुपारीच असायचं, हा जन्मभराचा समज इथे मोडून पडतो.

'फ्लरीज' म्हणजे थांबून थांबून भुरभुर, बहुधा झाडूने निघेल एवढी. 'स्नो' म्हणजे सलग पडणारा. 'आइस क्रिस्टल्स' म्हणजे स्वच्छ आकाशातून चमचमत उतरणारे हिमकण, त्यांनी काही बिघडत नाही, उलट सूर्याच्या दोन्ही बाजूंना २२ अंशांवर दोन खोटे सूर्य दिसतात. इथले लोक त्यांना 'सनडॉग' म्हणतात. सुंदर दिसतात, पण ते दिसले की बाहेर कडाक्याची थंडी आहे हे गृहीत धरा.

'ड्रिफ्टिंग स्नो' आणि 'ब्लोइंग स्नो' यांतला फरक गाडी चालवणाऱ्याने पाठ करावा. पहिल्यात बर्फ रस्त्यावरून सापासारखा सरपटतो, तुमची नजर त्याच्या वर असते. दुसऱ्यात तो नजरेच्या उंचीवर उठतो आणि समोरचा ट्रक नाहीसा होतो. आकाशातून एक कणही न पडता हे होऊ शकतं. तीन दिवसांपूर्वीचा बर्फ पुरतो. 'फ्रीझिंग ड्रिझल' (पडताच गोठणारी रिमझिम) हे शब्द दिसले तर मी वाद न घालता गाडीची किल्ली खुंटीला अडकवतो.

तिसरी पायरी: कुठल्या दिवसावर किती विसंबायचं

पहिल्या दोन दिवसांचे आकडे बऱ्यापैकी धरून चाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आकडा दोन-चार अंशांनी हलेल, बर्फाची वेळ अर्ध्या दिवसाने सरकेल. पाचव्यापासून पुढे फक्त कल बघा: चढतंय की उतरतंय. सातव्या दिवसाच्या 'उणे ११' वर लग्नाची तारीख ठरवू नये.

रडारबद्दल एक स्थानिक अडचण सांगतो, कारण ती फारसं कोणी सांगत नाही. आमच्या गावाला जवळची रडार दोन: पश्चिमेला शेजारच्या अल्बर्टा प्रांतातलं शुलर आणि पूर्वेला रेजायनाजवळचं बेथून. दोन्ही दीडशे किलोमीटरहून लांब. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या अंतरावर रडारचा झोत जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर वरून निघून जातो. हिवाळ्यातले बर्फाचे ढग ठेंगणे असतात, ते त्या झोताखालीच राहतात. रडार कोरं दिसतं आणि खिडकीबाहेर बर्फ पडत असतो. खिडकीवर विश्वास ठेवा.

एक नमुन्याचा आठवडा

खालचा आठवडा मी जुळवलेला आहे, पण जानेवारीत इथे राहिलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

सोमवार: उणे ९, ढगाळ, आग्नेयेचा वारा ३०, रात्री ५ सेंटिमीटर बर्फ. वाचून वाटतं, चला, बरा दिवस आहे. खरं तर हा तयारीचा दिवस. अल्बर्टाकडून 'क्लिपर' येतंय. क्लिपर म्हणजे रॉकीजच्या आडोशाला तयार होऊन आग्नेयेला धावत सुटणारं छोटं, चपळ कमी दाबाचं क्षेत्र. बर्फ थोडा आणतं, पण मागे वारा आणि ध्रुवाची थंडी सोडून जातं. संध्याकाळीच पेट्रोलची टाकी भरा, दूध-भाजी-औषधं आणा.

मंगळवार: सकाळी उणे ८, वारा वायव्येला वळून ५०, झोत ७०, संध्याकाळपर्यंत उणे २२. आठवड्यातला सर्वांत धोक्याचा दिवस हा, उणे ३५ वाला नव्हे. संध्याकाळचं विंड चिल उणे ३८. गावात घरांच्या आडोशाने फार कळत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. गावाची हद्द ओलांडून गल लेक या शेजारच्या गावाकडे निघालात, की पाचव्या मिनिटाला सगळं पांढरं. हायवे ४ ने उत्तरेला जायचं असेल तर सस्कॅचवान लँडिंगपाशी रस्ता नदीच्या खोऱ्यात उतरतो, तो उतार अशा दिवशी टाळलेला बरा. गावाबाहेरचं काम असेल ते सोमवारी उरका, नाहीतर गुरुवारवर ढकला.

बुधवार: उणे २४, वारा २०, विंड चिल उणे ३६. बर्फ काढायचा तो आज दुपारी, पंधरा मिनिटं बाहेर, दहा मिनिटं आत, असं करत. रात्री वारा पडणार, आकाश मोकळं होणार. गाडी प्लगला लावा, म्हणजे इंजिन कोमट ठेवणाऱ्या हीटरची वायर विजेला जोडा; त्याबद्दल पुढे येईलच.

गुरुवार: पहाटे उणे ३५, दिवसा उणे २७, वारा जवळजवळ नाही, लख्ख ऊन. साताऱ्याला बातम्यांतून कळतं, आई फोन करते. (सस्कॅचवान घड्याळ मागे-पुढे करत नाही, त्यामुळे भारताशी अंतर बाराही महिने साडेअकरा तासांचं. तेवढी एक सोय.) तिला निफाडचा पारा पाचवर आल्याची आणि वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी द्यायची असते, मी तिला इथला आकडा सांगत नाही. पण खरं सांगायचं तर नीट कपडे घालून याच दिवशी चालायला जावं. धूर सरळ वर जातो, बुटाखाली बर्फ करकरतो, आणि रस्ते कोरडे असल्यामुळे गाडीही बरी चालते.

शुक्रवार: उणे २०, ढग वाढणार. मधला दिवस. यावर सांगण्यासारखं काही नाही.

शनिवार: अधिक २, पश्चिमेचा वारा ४०. चिनूक. आमच्यापर्यंत ती थोडी थकून पोचते; तिची खरी ताकद पर्वताच्या पायथ्याशी दिसते. अमेरिकेच्या साउथ डकोटातल्या स्पीअरफिश गावी २२ जानेवारी १९४३ ला अशाच वाऱ्याने पारा दोन मिनिटांत उणे २० वरून ७ वर नेला होता. इथे छपरावरचं पाणी गळायला लागतं, पोरं नुसत्या हुडीवर फिरतात (इथे हुडीला 'बनीहग' म्हणतात, का ते विचारू नका). तुम्ही मात्र दुपारीच पायऱ्यांवरचं पाणी झाडून काढा, गाडी धुऊ नका आणि दरवाज्यांच्या रबरला सिलिकॉन लावा.

कारण रविवार: उणे १०. कालचं सगळं पाणी आज काच झालेलं असतं. हात-पाय मोडायचे ते असल्या उणे १० लाच. दारापुढे वाळू टाका. साधं मीठ उणे दहाच्या पुढे ढेपाळत जातं.

चौथी पायरी: गाडी

इथल्या गाड्यांच्या तोंडातून एक वायर लोंबताना दिसते. ती ब्लॉक हीटरची. इंजिनातलं कूलंट कोमट ठेवते. अंदाजात रात्रीचा पारा उणे १५ च्या खाली दिसला की ती लावायची. रात्रभर गरज नाही. टायमर लावून निघायच्या तीन-चार तास आधी सुरू केली तरी पुरे, वीजबिलही आवरतं. एक्स्टेंशन वायर बाहेर वापरायचीच घ्या. घरातली वायर उणे ३० ला काडीसारखी मोडते.

बॅटरी पाच वर्षांची झाली असेल तर पहिल्या मोठ्या थंडीआधी तपासून घ्या. उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन दुप्पट जोर मागतं. पारा साडेपाच अंश उतरला की टायरची हवा साधारण एक पीएसआयने कमी होते, म्हणजे शनिवारच्या चिनूकमध्ये भरलेली हवा पुढच्या गुरुवारी सात-एक पीएसआय कमी भरेल. रात्रभर उभ्या टायरचा तळ चपटा होऊन गोठतो. पहिले काही मिनिटं गाडी बैलगाडीसारखी धडधडत चालते. घाबरू नका, टायर गरम झाले की गोल होतात. काच धुण्याचं पाणी उणे ४० पर्यंत न गोठणारंच भरा.

डिकीत फावडं, ब्लँकेट, वाळूची पिशवी, जंपर केबल, जाड मेणबत्ती, ती ठेवायला पत्र्याचा डबा आणि काडेपेटी. थोडे शेंगदाण्याचे लाडूही असू द्या. चॉकलेट उणे ३० ला दगड होतं, लाडू निदान फुटतो. अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. आधी मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, मगच दर तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालू करा, आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवा. बंद गॅरेजमध्ये गाडी गरम करणं तर कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घर

घराच्या बाजूच्या भिंतीतून फर्नेसचे, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचे, दोन पांढरे पाइप बाहेर आलेले असतात. वारा आणि बर्फ झाला की ते बुजलेत का, हे दिवसातून एकदा बघायचं. बुजले तर फर्नेस बंद पडते, तीही नेमकी पहाटे. फिल्टर महिन्याला बदला. उणे ३० च्या रात्री बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालचं कपाट उघडं ठेवा, म्हणजे घरातली ऊब पाइपला पोचेल.

आपल्या स्वयंपाकाची एक खास गोष्ट. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, भाताची वाफ हे सगळं थंड काचेवर जाऊन गोठतं. सकाळी खिडकीवर आतून बर्फ, दुपारी चौकटीवर पाणी, मार्चमध्ये बुरशी. बाहेर उणे २० च्या खाली असेल तेव्हा घरातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. स्वयंपाक करताना पंखा लावा, पडदे दिवसा उघडे ठेवा.

कपडे, आणि त्वचा पांढरी पडली तर

आत सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तोच घाम पुढे गोठवतो. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं कवच. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र ठेवणारे मिटन उबदार. बूट अर्धा नंबर मोठा. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि तिसरा मोजा घालून उलट बोटं बधिर होतात.

नाक, कान, गाल यांवर पांढरा किंवा राखाडी डाग दिसला, बधिर वाटलं, तर आत जा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका, शेगडीसमोर धरू नका. कोपराला सोसेल अशा कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंशांच्या, भिजवा. फोड आले किंवा जाणीव परतली नाही तर सरळ दवाखाना. सोबत चालणाऱ्यांनी एकमेकांचे चेहरे बघत राहायचं, कारण स्वतःचा गोठलेला गाल दुखत नाही.

इशारे

२०२५ च्या नोव्हेंबरअखेरपासून कॅनडाचे इशारेही पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत येतात. आपल्याकडच्या पावसाळी 'ऑरेंज अलर्ट'ची सवय इथे उपयोगी पडते. 'ब्लिझर्ड' हा शब्द मात्र ते उगाच वापरत नाहीत: वारा किमान ताशी ४०, दृश्यता ४०० मीटर किंवा कमी, आणि हे किमान चार तास. त्यात बर्फ किती पडला याचा उल्लेखच नाही. पुन्हा वारा.

बाहेरगावी निघण्याआधी प्रांताची 'हायवे हॉटलाइन' बघा. नकाशावर रस्ता बंद दाखवला असेल तर तो बंदच. 'प्रवास टाळा' असेल तर तोही बंदच समजा. शाळेच्या बस साधारण विंड चिल उणे ४० ते ४५ च्या दरम्यान रद्द होतात, पण नेमका आकडा शाळा विभागाप्रमाणे बदलतो, तो सप्टेंबरमध्येच विचारून ठेवा. बस रद्द म्हणजे शाळा बंद असं नव्हे. आमच्या पोराला हे अजून मान्य नाही.

शेवटी एक स्वस्त उपकरण. अंदाजातला पारा विमानतळावरचा असतो, आणि विमानतळ गावाच्या पूर्वेला उघड्या माळावर आहे. आमचं घर ओढ्याजवळ, खालच्या अंगाला. बिनवाऱ्याच्या रात्री थंड, जड हवा उतारावरून घरंगळत आमच्या परसात येऊन बसते. म्हणून मागच्या कुंपणाला एक साधा थर्मामीटर टांगलाय आणि स्वयंपाकघरात एक वही. गेल्या जानेवारीत एका पहाटे विमानतळ उणे २९ सांगत होता, कुंपण उणे ३३. वारा पडणार हे आदल्या रात्रीच वाचलं होतं, गाडी प्लगला लावलेली होती. किल्ली फिरवली, एकदा कण्हली, सुरू झाली.